सत्यवती आणि न विचारणारी भाषा

सत्यवतीला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं यावं. बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिची नोकरी होती, संगणकाच्या प्रयोगशाळेत मुलांकडून प्रॅक्टिकल करून घ्यायची. काम खुर्चीतलं, पण ती खुर्ची नावापुरती. दाराबाहेर चपला काढून आत आली की ही बाई मशीनच्या रांगेतून येरझाऱ्या घालायला लागायची. एसीनं गार पडलेल्या फरशीवर अनवाणी पावलांचा आवाज यायचा नाही, आणि आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे हे मुलांना एकदम कळायचं, तेव्हा त्यांची बोटं भलत्याच कळीवर पडायची. विभागप्रमुख मारुतीराव सर म्हणायचे, "बाई, तुम्ही बसलात तर आम्हालाही जरा बसल्यासारखं वाटेल." मग ती बसायची. सर वळले की उठायची.

हे साल सत्त्याऐंशीचं. सत्यवती मूळची निपाणीची. बाप यमनाप्पा तंबाखूच्या वखारीत बोजे उचलता उचलता गेला. आई बायाक्का त्याच वखारीत तंबाखू निवडत राहिली, पोरगी शिकून नोकरीला लागेपर्यंत. बेळगावात बी.एस्सी., पुण्याला वर्षभराचा संगणकाचा कोर्स, आणि परत बेळगाव. आता मायलेकी खासबागेत दोन खोल्यांत राहत होत्या. अलीकडं माग, पलीकडं माग, दिवसभर खटखट. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या आवाजात बोलणं सुचायचं नाही. सत्यवतीला उलट बरं वाटायचं, आपल्या डोक्यातला गोंधळ त्यात बुडून जातो म्हणायची.

त्या डोक्यात त्या काळी एकच विषय होता. प्रयोगशाळेत पास्कल शिकवायचे, मशीनला काम सांगायची भाषा. भाषा चांगली, शिस्तीची, पण तिला सगळं आधी सांगावं लागतं. ही पेटी, हिच्यात आकडे राहणार. ही दुसरी, हिच्यात अक्षरं. आधी जाहीर करा, मग वापरा. शहरातली पोरं हे पाठ करून टाकायची. चिकोडीकडनं आलेली, दहावीपर्यंत मराठीत नाहीतर कन्नडमध्ये शिकलेली पोरं मात्र पहिल्या चार ओळींतच अडकायची. गणित येतंय, उत्तर माहीत आहे, आणि मशीन म्हणतंय, तू आधी सांगितलं नाहीस. प्रॅक्टिकलचे मार्क तिथंच जायचे. अशी पोरं हिला मॅडम म्हणत नसत, आक्का म्हणत. आणि आक्काचा जीव खालीवर व्हायचा.

खरं सांगायचं तर तो पोरांसाठी जेवढा व्हायचा तेवढाच स्वतःसाठी. आधी सांगा, मग आत या, हे तिनं जन्मभर ऐकलं होतं. बेळगावात खोली शोधताना शहापुरातले एक घरमालक किती गोड बोलले होते. हवा चांगली आहे, नळाला पाणी आहे, मुलगी नोकरी करते ते फार छान. आणि मग, "तुम्ही कोण म्हणायचं? तसं काही नाही, आपलं सहज विचारलं." तिनं सरळ सांगितलं. त्या सहज विचारण्यानंतर खोली अचानक पुतण्यासाठी ठेवलेली निघाली. खासबागेतल्या मालकानं मात्र भाडं वेळेवर द्याल ना एवढंच विचारलं होतं, म्हणून मायलेकी खासबागेत.

पुण्याच्या ग्रंथालयात एका परदेशी लेखाची झेरॉक्स तिच्या हाती लागली होती. त्यात अशा भाषेची गोष्ट होती की जी आधी काही विचारत नाही. तुम्ही पेटीत पस्तीस टाकले तर ती समजते, आकड्यांची पेटी. नाव टाकलं तर समजते, शब्दांची. प्रकार तुम्ही सांगायचा नाही, तुमच्या वागण्यावरनं तिनं ओळखायचा. आणि एकदा ओळखला की मग चूक मात्र होऊ द्यायची नाही, आकड्यात शब्द मिसळू द्यायचा नाही. सत्यवतीनं ते वाचलं आणि तिला राहवेना. दोन वर्षं, कॉलेज सुटल्यावर, तिनं तशी एक छोटी भाषा स्वतः बांधली. म्हणजे भाषेचा दुभाष्या बांधला, पोरांनी लिहिलेलं वाचून मशीनला समजेल असं करून देणारा. पोरं तिला आक्काची भाषा म्हणायला लागली.

मारुतीराव सरांना ती कल्पना आवडली, आणि धास्तीही वाटली. माणूस भला, पण नियमात राहणारा. "दिवाळीनंतर पहिल्या वर्षाची मुलं प्रयोगशाळेत येतील," ते म्हणाले. "त्यांची सुरुवात तुमच्या भाषेत करू. पण आधी मी स्वतः चालवून बघणार. अडखळली तर या वर्षी पास्कलच. आणि पुढच्या वर्षीचं मी काही सांगू शकत नाही, मेमध्ये मी निवृत्त होतोय."

झालं, तेवढ्या बोलण्यावर तिची झोप उडाली. कारण भाषेत एक जागा कच्ची होती आणि ती कुठं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रिकामी यादी. पुस्तकात यादीला अ‍ॅरे म्हणतात, आपण यादी म्हणू. भरलेली यादी समोर आली की दुभाष्या आत डोकावून प्रकार ओळखायचा. पण कुणी लिहिलं, ही माझी यादी, आत्ता हिच्यात काही नाही, मी मागनं भरीन, तर डोकावून दिसणार काय? आकड्यांची रिकामी यादी आणि नावांची रिकामी यादी, दोन्ही सारख्याच रिकाम्या. आणि तिच्या दुभाष्याला तर घाई. मशीनची स्मरणशक्ती तोकडी, म्हणून तो एक ओळ वाचायचा, लगेच मशीनच्या बोलीत करून टाकायचा, पुढची घ्यायचा. आकड्याला जागा किती, शब्दाला किती, हे त्याला जागच्या जागी कळायला पाहिजे. रिकाम्या यादीपाशी आला की तो गप्प बसायचा आणि सगळं काम ठप्प.

यावर तिनं जो उपाय काढला तो कुठल्या परदेशी लेखात नव्हता. तो बायाक्काच्या स्वयंपाकघरातला होता. शेजारच्या शेवंताबाईकडनं आमटीची वाटी आली की बायाक्का ती कधी रिकामी परत पाठवायची नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, गुळाचा खडा, पण वाटीत काहीतरी घालूनच वाटी जायची. रिकामं भांडं कुणाच्या हाती द्यायचं नसतं हे सत्यवतीच्या अंगात इतकं मुरलेलं, की तिनं विचारसुद्धा केला नाही. रिकामी यादी दिसली की दुभाष्यानं गुपचूप तिच्यात एक शून्य टाकायचं, असं तिनं ठरवून टाकलं. शून्य म्हणजे काहीच नाही, कुणाला टोचणार? दुभाष्याला आकडा दिसला, तो खूश झाला आणि पुढं पळाला.

मग लक्षात आलं की रिकामी यादी मोजली तर उत्तर एक येतंय. त्यावर हिनं काय करावं? तसल्या यादीच्या मोजणीतनं एक वजा करून टाकला. एक लबाडी झाकायला दुसरी. हुशार माणसं अशीच फसतात. पुढचे आठ-दहा दिवस सगळं सुरळीत चाललं. तरी घरी भाकरी खाता खाता ती उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. बायाक्का म्हणायची, "बस की गं जरा. अन्न अंगी लागंना तुझ्या असल्यानं." "बसते की," म्हणत ती ताट हातात घेऊन फिरायची.

मग एका शनिवारी मारुतीराव ठरल्याप्रमाणे स्वतः मशीनसमोर बसले. बेरजा केल्या, सरासरी काढली, मान डोलावली. मग त्यांनी एक रिकामी यादी केली आणि तिच्यात आपल्या नातवाचं नाव टाकलं. पडद्यावर उमटलं, या यादीत फक्त आकडे चालतात.

सरांनी चष्मा वर केला. "मी तर आकडे म्हणालो नव्हतो. याला कुणी सांगितलं?"

सत्यवती येरझाऱ्या घालायची थांबली. तिला त्या क्षणी जे वाटलं ते चूक सापडल्याचं वाईट वाटणं नव्हतं, शरम होती. यादीत कुणी आलेलंही नाही तोवर तिनं आतल्या आत तिचा प्रकार ठरवून टाकला होता, आणि पहिला जो आला त्याला दारातनं परत पाठवलं होतं. "मीच सांगितलं, सर," ती म्हणाली. मग शून्याची सगळी हकिकत सांगितली, वाटीसकट.

मारुतीराव हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. बाकी सगळं उत्तम आहे. फक्त रिकाम्या यादीपुरतं विचारा. तेवढा एकच प्रश्न. यात काय ठेवणार, आकडे की शब्द? संपलं. पुढच्या शनिवारी परत बघू."

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. दुसरा रस्ता तिला त्याच संध्याकाळी, बसची वाट न बघता पायी घरी जाताना दिसला. दुभाष्यानं थांबायचं. रिकाम्या यादीला प्रकाराच्या जागी नुसती खूण करायची, माहीत नाही म्हणून, आणि पुढं वाचत जायचं. पुढं कुठंतरी तिच्यात पहिली वस्तू पडेल, नाव पडेल नाहीतर आकडा, तेव्हा त्या खुणेच्या जागी प्रकार लिहायचा. ती यादी मधल्या काळात आणखी कुणाच्या हाती दिली असेल तर तिथंही तीच खूण असणार, म्हणून एका ठिकाणी कळलं की सगळीकडं कळलं. आणि शेवटपर्यंत काहीच पडलं नाही तर? तर ती रिकामी, मोजली तर शून्य. जिच्यात काहीच नाही तिला जागा तरी किती लागणार, आकड्याची किंवा शब्दाची? कुणाचंच काही अडत नाही.

रस्त्यातच ती थांबली आणि मागनं येणाऱ्या सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. इतकं सोपं होतं ते. आणि इतकं अवघड. कारण थांबणारा दुभाष्या म्हणजे आधी सगळं शेवटपर्यंत वाचणारा आणि मगच तोंड उघडणारा. हिचा दुभाष्या तर ओळ वाचली की बोलणारा. तो दुरुस्त होण्यातला नव्हता, पायापासनं पाडून परत बांधायला पाहिजे होता. तोकड्या मशीनमध्ये सगळं लिखाण मावेल कसं हा आणखी वेगळा घोर. दिवाळी तोंडावर आलेली. हा रस्ता धरला तर हे वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी मारुतीराव नाहीत.

प्रश्न घालणं मात्र एका संध्याकाळचं काम होतं. तिनं मन मारून ते केलं. शून्य काढलं, वजाबाकी काढली, प्रश्न घातला. चाललं. या वर्षीच्या पोरांचं भलं होईल, एवढ्या एका प्रश्नानं काय आभाळ कोसळतंय, असं स्वतःला समजावत ती तो सबंध आठवडा वणवण फिरली. वर्गातनं प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेतनं जिन्यात, जिन्यातनं विनाकारण कँटीनपर्यंत. चहा मागवायची आणि तो यायच्या आत निघून जायची.

पुढच्या शनिवारी मारुतीरावांनी एक मुलगी बोलावून घेतली होती. यल्लव्वा तिचं नाव. चिकोडीच्या बाजूची, आदल्या वर्षी प्रॅक्टिकलमध्ये नापास होऊन परत बसलेली. "हिला चालली तर सगळ्यांना चालेल," सर म्हणाले, आणि हे त्यांनी तिच्या देखत म्हटलं ते काही बरं केलं नाही. पोरगी खाली मान घालून मशीनसमोर बसली. पण हात सुरू झाले आणि तिचा चेहरा बदलला. आधी काही सांगायचं नाही, जे पाहिजे ते लिहायचं. बेरीज आली, सरासरी आली, ती मागं वळून सत्यवतीकडं बघून हसली.

मग तिनं एक रिकामी यादी केली. पडद्यावर प्रश्न आला. यात काय ठेवणार? एक, आकडे. दोन, शब्द.

यल्लव्वाचे हात कळफलकावरनं मांडीवर आले. "आक्का," ती हळूच म्हणाली, "माझं अजून ठरलं न्हाय. आत्ताच सांगाय पायजे काय?"

"सांग काहीतरी," मारुतीराव म्हणाले. "आधी सांगितलं की बरं असतं."

तिनं पहिला आकडा दिसला म्हणून एक दाबला. पुढं तिला गावातल्या मैत्रिणींची नावं भरावीशी वाटली, ती भरायला गेली, आणि यादीनं नाव परत केलं. यल्लव्वानं ओठ चावला. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी आधी नीट सांगितलं न्हाय."

सत्यवतीला इतका राग आला की तिचे कान तापले. यल्लव्वाचा नाही, सरांचा नाही, स्वतःचा. दोन वर्षं राबून तिनं पोरांना हेच वाक्य नव्यानं म्हणायला लावलं होतं, फक्त चार ओळी उशिरा.

मारुतीराव मात्र समाधानी होते. "चालेल," ते उठत म्हणाले. "प्रश्न नीट वाचायची सवय लागेल मुलांना. दिवाळीनंतर पहिल्या वर्षाला हीच भाषा. मी नोटीस काढतो."

जे तिला पाहिजे होतं ते समोर आलं होतं, हात पुढं केला की मिळणार होतं. सत्यवतीनं वाकून मशीनमधनं आपल्या भाषेची फ्लॉपी काढून घेतली.

"नको, सर."

"काय नको?"

"या वर्षी नको. ही अजून व्हायचीय."

मारुतीराव परत खुर्चीत बसले. "बाई, एका प्रश्नासाठी? पुढच्या वर्षी माझ्या जागी कोण येईल, तो तुम्हाला दारात उभं करील की नाही, ते तरी ठाऊक आहे का?"

"नाही," ती म्हणाली, आणि यल्लव्वाला घेऊन बाहेर पडली. जिन्यात तिनं त्या पोरीला दोनदा सांगितलं, की तुझं काही चुकलं नाही. यल्लव्वाला ते पटलं नसावं. ती व्हय व्हय म्हणाली आणि हॉस्टेलकडं गेली.

पुढं दीड वर्ष खपून सत्यवतीनं थांबणारा दुभाष्या बांधला. तो चालला, छान चालला. नव्या विभागप्रमुखांनी एकदा नुसता बघितला, वा म्हणाले आणि पास्कलच चालू ठेवलं. तरी चिकोडीकडची पोरं प्रॅक्टिकल सुटल्यावर तिच्याकडं यायची आणि आधी आक्काच्या भाषेत हात बसवून मग पास्कलकडं जायची, हे बरीच वर्षं चाललं. पण ती सगळी नंतरची गोष्ट. त्या शनिवारी हातात काहीच नव्हतं, आणि घरी बायाक्का वाट बघत होती, तिला सांगायचं होतं.

बायाक्का जोंधळे निवडत बसली होती. सत्यवतीनं दारापासनं चुलीपर्यंत आणि चुलीपासनं दारापर्यंत फिरत सगळं सांगितलं. मशीनमधलं बायाक्काला किती कळलं देव जाणे, पण हाती आलेलं पोरीनं सोडून दिलं एवढं कळलं, आणि ती चिडली.

"साहेब हो म्हणत हुता न्हवं? मग? एकच तर सवाल हुता म्हणतीस. दिवाळीला तोंड गोड झालं असतं."

"एकच असतोय, आई," सत्यवती म्हणाली. "परत्येक जण एकच इचारतोय."

बायाक्काचा हात सुपात थांबला. अलीकडचा माग जेवणासाठी थांबला होता, पलीकडचा चालू होता. ती परत निवडायला लागली. सत्यवतीला वाटलं, आता आणखी बोलणी खावी लागणार.

"तुला शाळंत घालाय गेलते निपाणीत," बायाक्का सुपाकडं बघत म्हणाली, "तवा मास्तरनं बी एकच इचारलं, कोण म्हणायचं तुमी म्हणून. तू माझा पदर धरून हुबी. तुला तुझं नाव सुदीक सांगाय येत न्हवतं. तू अजून कायबी झाली न्हवतीस गं, आन मी सांगून टाकलं. त्यानं लिवलं, आन तुला मागं बसीवलं."

"न सांगून काय केलं असतंस? घेतलं नसतं शाळंत."

"न्हाय घेतलं असतं," बायाक्का म्हणाली. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "पर मी म्हणते, जरा थांबला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?"